कप्तानाचं चिकटलेलं पान

सुईताईला सुईताई का म्हणतात, हे कुणाला विचारावं लागत नसे. पुस्तकं शिवायची लांब सुई तिच्या कॉलरला कायम टोचलेली असायची, आणि जीभही साधारण त्याच मापाची होती. शहराच्या ग्रंथालयाच्या तळघरात फाटक्या पुस्तकांच्या दुरुस्तीची खोली होती, तिथे ती बावीस वर्षं बसत होती. तिच्या आधी त्याच खुर्चीवर तिचे वडील बसायचे. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. आता वय ब्याऐंशी, कान शाबूत, दात अर्धे, आणि तोरा मात्र पूर्ण.

बुधवारी सकाळी दहा वाजता या उस्तादांचा सत्कार होता. साधासुधा नाही. दुरुस्तीच्या खोलीला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं, दारावरची पितळी पाटी तयार होऊन आली होती. गेले आठ दिवस बाबा घरात आरशासमोर उभे राहून भाषण म्हणत होते आणि मध्येच थांबून सुईताईला विचारत होते, ‘‘अगं, कोट कुठला घालू? करडा घातला तर फार म्हातारा दिसतो का गं मी?’’

‘‘नाही हो बाबा, अगदी नवरदेव दिसता,’’ ती म्हणायची. बाबा खूश व्हायचे. म्हातारपणी माणूस इतका खूश झालेला बघायला मिळणं, हेही नशीबच म्हणायचं.

सत्कार कशाचा, तर कप्तानाची रोजनिशी वाचवल्याचा. कप्तान म्हणजे तोच, युरोपातून निघून अर्धी पृथ्वी पालथी घालत आलेला आणि शेवटी याच बंदरात डोळे मिटलेला दर्यावर्दी. चाळीस वर्षांपूर्वीपर्यंत त्याला इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळी होत्या, बस. मग मोठा पूर आला. बंदराच्या जुन्या कचेरीत पाणी घुसलं, तळघरातली एक पेटी तरंगत वर आली आणि तिच्यात ही रोजनिशी निघाली. निघाली म्हणजे काय, लगदा व्हायच्याच बेतात होती. बाबांनी तीन महिने टीपकागदात घालून तिचं एकेक पान वाळवलं. स्वतःचं घर गुडघाभर चिखलात, आणि हा गृहस्थ इकडे ग्रंथालयाच्या तळघरात दुसऱ्याच्या वहीला वारा घालत बसलेला. आई शेवटपर्यंत त्यावरून त्यांना टोमणे मारायची.

पण त्या वहीने शहराला कप्तान दिला हे खरं. त्यात त्याने लिहिलं होतं की भर समुद्रात गोडं पाणी संपत आलं, खलाशी तापाने लोळत होते, तेव्हा मी माझ्या वाट्याचं पाणी आजाऱ्यांना दिलं. जहाजावरचे एक्केचाळीसच्या एक्केचाळीस खलाशी जिवंत किनाऱ्याला लागले. झालं! चौकात पुतळा उभा राहिला, कप्तान आणि त्याच्या हातात पाण्याचा मग. शाळेत कविता आली. सुईताईने स्वतः सातव्या वर्षी ती कविता टेबलावर उभं राहून म्हटली होती.

अलीकडे मात्र वर्तमानपत्रांत वाद सुरू झाला होता. कप्तानाला वीरपुरुष म्हणायचं कशाला, असं काहीजण म्हणत. दुसऱ्यांच्या किनाऱ्यांवर न विचारता उतरायचं, आपला झेंडा रोवायचा आणि वर पुतळा मिळवायचा, यात वीरता कसली? ग्रंथालयाचे संचालक या वादाने हैराण झाले होते. ‘‘दोन्ही बाजूंची मतं भिंतीवर लावू,’’ ते म्हणाले, ‘‘पण काचेच्या पेटीत पान उघडं ठेवायचं ते पाण्याच्या मगाचंच. त्यावर कुणाचं दुमत नाही ना?’’

म्हणून सोमवारी सुईताईने रोजनिशी बाहेर काढली. मगाचं पान उघडं राहावं म्हणून वहीखाली पुठ्ठ्याचा आधार करायचा होता. तिने मगाच्या पानाआधीचं पान उलटून सोडलं. आणि ते पान पडलं नाही.

जुन्या कागदाचं पान सोडलं की हळूच खाली बसतं. हे बसलं नाही, अर्धवट उभंच राहिलं. तिने बोटाच्या पेराने ते चाचपलं. जाड लागत होतं. बावीस वर्षांत ही वही तिने दरसाल बाहेर काढून झटकून ठेवली होती, पानं मोजली होती, आणि बाबांनी पेन्सिलीने घातलेले आकडे नेहमी बिनचूक जुळले होते. जुळणारच ना, आकडे वाळवल्यानंतर घातले होते. हे एक पान नव्हतं, दोन पानं एकमेकांना चिकटली होती.

‘‘ओलीमुळे झालं असेल,’’ ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने भिंग लावलं.

चारी कडांनी खळ होती, बारीक आणि सरळ. अक्षराला कुठे स्पर्शसुद्धा झालेला नव्हता. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढी जागा कोरडी सोडली होती.

ही कोरडी जागा म्हणजे दार. बाबांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवलेली गोष्ट. काहीही चिकटवा, पण कुठेतरी एक दार ठेवा, म्हणजे पुढे कुणाला ते सोडवायचं झालं तर पातं शिरवायला जागा मिळेल. साध्या पिठाची खळ वापरा, पाणी लागलं की सुटणारी. जगात इतर कुणी असं दार ठेवत असेल तर असो, या शहरात असं दार एकच माणूस ठेवायचा आणि त्याच्याकडून शिकलेली ती.

तिने वही काचेच्या टेबलावर ठेवली आणि खालचा दिवा लावला. दोन पानांवरची अक्षरं एकमेकांवर चढून दिसायला लागली. तिला कप्तानाची भाषा येत नव्हती. तिने वरच्या मजल्यावरून लिपीवाल्या बाईंना बोलावलं. या बाई जुनी हस्ताक्षरं वाचायच्या आणि कप्तानाच्या नावाने बोटं मोडायच्या. वर्तमानपत्रातली निम्मी पत्रं त्यांचीच असायची. गंमत म्हणजे त्यांचे खापरपणजोबा कप्तानाच्याच जहाजावरचे खलाशी. ते इथेच राहिले, इथेच संसार केला, त्यामुळे बाई म्हणायच्या की त्या माणसाला शिव्या द्यायचा मला घरचा हक्क आहे.

बाई तासभर वाकून बसल्या. सरळ अक्षर, उलटं अक्षर, मध्येच ‘‘थांब गं, सावली पडतेय’’ असं करत त्यांनी पाच-सहा तुकडे काढले. वारा ईशान्येचा. हवा स्वच्छ. नऊ जणांना होडीत उतरवलं. पाणी दिलं नाही. आज्ञा माझी, खलाशांची नव्हे.

‘‘नऊ जण कोण?’’ सुईताईने विचारलं.

‘‘बेटावरचे. आधीच्या पानावर आहेत की. वाट दाखवायला त्याने नऊ माणसं बेटावरून सोबत घेतली होती. पुढे त्यांचा उल्लेख नाही. सगळे आपले धरून चालले की पुढच्या किनाऱ्यावर उतरली असतील. आणि रोजनिशीत एक दिवस कमी पडतो, तर म्हणे त्या दिवशी कप्तान तापाने फणफणला होता.’’ बाईंनी चष्मा काढला. ‘‘म्हणून पाणी पुरलं. नऊ तोंडं कमी केली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा मग आजाऱ्यांना दिला. बघितलंस? सांगत होते की नाही मी!’’

सुईताईला वाटलं, आता बाई टाळ्या पिटणार. पण त्या खुर्चीत बसून राहिल्या. म्हणाल्या, ‘‘आजाऱ्यांच्या यादीत माझे खापरपणजोबा आहेत. ते पाणी ते प्यायले. ते प्यायले नसते तर मी आज इथे...’’ त्यांनी चष्मा पुन्हा घातला. पुढे म्हणाल्या, ‘‘आणि या मेल्याने लिहून ठेवलं तरी का? न लिहिता समुद्रात सोडून द्यायचं. कोण विचारणार होतं? आज्ञा माझी म्हणे. मला ना, काही सुचेनासंच झालंय.’’

सुईताईची अवस्था त्याहून वाईट होती. कप्तान गेला खड्ड्यात, तो मरून जमाना झाला. ही पानं कप्तानाने चिकटवली नव्हती.

‘‘हे कुणी केलं?’’ बाईंनी विचारलंच.

‘‘बाबांनी.’’

‘‘बुधवारी पान उघडायला हवं, सुईताई. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. उस्तादांबद्दल मला आदर आहे, पण नऊ माणसं आहेत ती.’’

‘‘मला बुधवारपर्यंत वेळ द्या,’’ सुईताई म्हणाली. बाईंनी होकाराची मान हलवली.

मंगळवार तिने निव्वळ वाया घालवला. एका पुस्तकाचा पुठ्ठा उलटा लावला, बावीस वर्षांत पहिल्यांदा. डोक्याचा पार भुगा झाला होता. पान उघडलं तर दारावरची पाटी काढणार, बाबांना लोक काय वाटेल ते बोलणार, आणि ब्याऐंशीव्या वर्षी हा माणूस त्यातून उठणार नाही. नाही उघडलं तर चिकटवणारे बाबा आणि चिकटलेलं ठेवणारी ती. बाबांचा राग यावा तर येत होता, आणि लगेच त्यांचा करडा कोट आठवून रडू येत होतं. ज्या माणसाने वही वाचवली त्यानेच ती बंद केली, आता त्याला काय म्हणायचं? आणि कप्तानाला काय म्हणायचं? एका दिवशी नऊ माणसं मारणारा आणि दुसऱ्या दिवशी स्वतः तहानलेला राहणारा माणूस एकच कसा असू शकतो, हे तिला कळत नव्हतं. पण वही तर एकाच अक्षरात होती.

दुपारी ती लवकर घरी गेली. बाबा स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून बुटाला पॉलिश करत होते.

‘‘बाबा, मगाच्या पानाआधीची दोन पानं चिकटलेली आहेत.’’

बाबांचा ब्रश थांबला नाही. ‘‘ओल होती पोरी तेव्हा. आपोआप चिकटली असतील.’’

‘‘आपोआप चिकटलेल्या पानांना दार नसतं.’’

आता ब्रश थांबला. ‘‘तेव्हाचे ग्रंथपाल म्हणाले, चिकटव. मी नोकर माणूस.’’

‘‘तेव्हाचे ग्रंथपाल पुरात पाय मोडून वर्षभर अंथरुणात होते. तुम्हीच शंभरदा सांगितलंय. बाबा, माझ्याशी खोटं बोलू नका हो. तुम्हाला जमत नाही ते.’’

बाबांनी बूट खाली ठेवला आणि हात फडक्याला पुसले. एकेक बोट पुसलं. कप्तानाची भाषा त्यांना येत होती, लहानपणी बंदरावर खलाशांच्या गराड्यात वाढले होते ते.

‘‘मगाचं पान आधी सुटलं,’’ ते म्हणाले. ‘‘मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. ग्रंथालय उंचावर, तळघर कोरडं, तिथे तेव्हा पुरात घर गेलेली माणसं झोपायला असायची. कुणाची बायको गेलेली, कुणाचं पोर. त्यांनी ते ऐकलं आणि रडली गं सगळी. पुरानंतर पहिल्यांदा रडली. एक जण म्हणाला, असाही माणूस आपल्या बंदरात राहून गेला. आणि दुसऱ्या दिवशी उठून तो दुसऱ्यांच्या घरातला चिखल काढायला गेला. त्याच दिवशी दुपारी हे पान सुटलं. मी वाचलं. आता तूच सांग, त्यांना जाऊन काय सांगायचं होतं मी?’’

‘‘खरं ते.’’

‘‘हो ना! मलाही तेच वाटलं. पण म्हटलं, आज नको. जरा उभी राहू देत. उद्या सोडवू. म्हणून नुसत्या कडा चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी मग पुतळ्याची सभा भरली. मग पुतळा झाला. मग तू टेबलावर उभी राहून ती कविता म्हटलीस. मी पहिल्या रांगेत होतो. म्हटलं, उद्या.’’ बाबांनी फडकं घडी करून ठेवलं. ‘‘मी काही लपवलं नाही गं. म्हणजे लपवलंच. पण कायमचं नाही. मला खरंच कळत नाही मी काय केलं ते. तुला कळतंय का?’’

‘‘नाही,’’ ती म्हणाली. तिला त्यांना ओरडायचं होतं आणि पोटाशीही धरायचं होतं, म्हणून ती नुसतीच उठली आणि पाणी प्यायली. 

बुधवारी नऊ वाजताच दोघं ग्रंथालयात पोचले. बाबांनी करडाच कोट घातला होता. वर सभागृहात खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. सुईताईने तळघरातल्या टेबलावर वही ठेवली, शेजारी ओल्या टीपकागदाच्या पट्ट्या आणि पातळ पातं.

‘‘तुमच्या हातचं आहे, तुम्हीच सोडवा,’’ ती म्हणाली. ‘‘बाईंना ठाऊक आहे. आज ना उद्या हे निघणारच आहे. पण मी सोडवणार नाही बाबा. माझ्याच्याने होणार नाही.’’

 ‘‘समारंभ झाल्यावर सोडवलं तर? एवढा एक तास...’’ बाबा म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं असावं.

त्यांनी कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर नीट लावला आणि बाह्या वर सारल्या. टीपकागदाची पट्टी कडेला ठेवली, वर बोट दाबून थांबले. चहाचा कप धरताना त्यांचा हात हल्ली थरथरायचा, अर्धा चहा बशीत जायचा. आता तो हात हलत नव्हता. कोपऱ्यातून पातं आत शिरलं. एक कड सुटली.

बाबा काहीतरी पुटपुटत होते. खळ भिजायला वेळ द्यावा लागतो, म्हणून आकडे म्हणत असतील असं सुईताईला वाटलं. ती जवळ सरकली.

‘‘पाण्याची जागा ज्याने दाखवली तो,’’ बाबा म्हणत होते. ‘‘त्याचा भाऊ, डावरा. हसरी म्हातारी. झाडांची माहिती असलेला. रात्री गाणारा. खोकणारा उंच माणूस. थोरली बहीण. धाकटी बहीण. आणि ज्याला नाव विचारायचं राहून गेलं तो.’’

‘‘हे काय म्हणताय?’’

‘‘कप्तानाला त्यांची नावं कुठे ठाऊक होती! त्याने असंच लिहिलंय. नऊ ओळींत.’’

पान अजून मिटलेलंच होतं. एकच कड सुटली होती, आत वाकूनही काही दिसलं नसतं. बाबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, त्याच क्रमाने, एकही न चुकता, आणि म्हणता म्हणता दुसरी कड भिजवायला घेतली. चाळीस वर्षं हा माणूस शेजारच्या खोलीत झोपत होता, तिला सायकल शिकवत होता, भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुरत होता. सुईताईला हुंदका आवरला नाही.

चौथी कड सुटली आणि पान वेगळं झालं. ते हळूच खाली बसलं. नऊ ओळी होत्या. ती भाषा येत नसूनही तिने त्या बोटाने मोजल्या.

तेवढ्यात संचालक दारात आले, हातात फुलं, कपाळावर घाम. ‘‘अहो उस्ताद, चला, सगळे खोळंबलेत! आणि हे बघा, तुमचं भाषण जरा आटपतं घ्या हं. वेळ कमी आहे. दोनच मिनिटं मिळतील.’’

‘‘पुरतील,’’ बाबा म्हणाले. ‘‘नऊच माणसं आहेत.’’

संचालकांना काही समजलं नाही. ते बघतच राहिले, टेबलाकडे, उघड्या वहीकडे, रडणाऱ्या सुईताईकडे. बाबांनी कोट खुर्चीवरच राहू दिला, वही पुठ्ठ्यावर घेऊन छातीशी धरली आणि जिन्याकडे निघाले. पाठोपाठ सुईताई निघाली. आपल्यापुढे चाललेला माणूस शूर आहे की भित्रा आहे, हे तिला अजूनही सांगता आलं नसतं. वर लोक टाळ्या वाजवत होते. बाबांच्या दोन्ही हातांत वही होती, म्हणून पहिल्या पायरीशी तिने त्यांचा दंड धरला आणि मग वरपर्यंत सोडला नाही.